पेमेंट झाल्यावर फाटकाबाहेर कुणासोबत पडता?

‘पोरगा वाईट संगतीला लागला’ हे आपल्याकडे नेहमी उशिरा कळतं. घरी पैसे येईनासे होतात, गाडी गहाण पडते, ठाण्यातून फोन येतो, आणि मग आई-वडील मागे वळून त्याच्या मित्रांची नावं आठवू लागतात. तोवर दोन-तीन वर्षं निघून गेलेली असतात. त्या दोन-तीन वर्षांत ‘चल, बिघडू या’ असं त्याला एकदाही कुणी म्हटलेलं नसतं. संगत तशी बोलतच नाही. ती चहा पाजते, गाडीवर मागे बसवते, अडचणीला पाचशे रुपये देते. म्हणून तिच्यापासून सावध राहणं अवघड, आणि म्हणूनच तिचं काम कसं चालतं हे नीट समजून घेणं गरजेचं.

ते समजून घ्यायला कळमन्याइतकी चांगली जागा नागपुरात दुसरी नाही. नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीचं पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड इथे आहे. धान्य, फळं, भाजीपाला, मिरची, कांदे-बटाटे असा सगळा माल इथे उतरतो. संत्र्याच्या हंगामात काटोल, नरखेड, वरुडकडच्या गाड्या रात्रीच येऊन लागतात. लिलाव होतो सकाळी. गाडी लागल्यापासून बोली सुरू होईस्तोवर वाट पाहायची, आणि बोली झाल्यावर हिशेबपट्टी हातात पडेस्तोवर पुन्हा वाट पाहायची. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, अडत्याकडे नव्याने लागलेला पोरगा, मालासोबत गावाहून आलेला शेतकऱ्याचा मुलगा, सगळ्यांचं तेच. काम अंग मोडून टाकणारं असतं, पण कामाच्या दोन तुकड्यांमध्ये तास-दोन तास मोकळे पडतात. माणसाची संगत ठरते ती या तासांत. पाठीवर पोतं असताना कुणी कुणाला बिघडवत नाही.

आता पानठेल्याकडे बघा. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट-घोट घोटायचा, तो ओलसर काळपट झाला की पन्नीची गाठ बांधायची. हा खर्रा विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही; इथल्या माणसाला सांगावा लागत नाही. चार जण उभे असतात, एक जण गाठ सोडतो आणि पन्नी फिरते. नवा पोरगा मान हलवतो. ‘घे ना बे, एक चिमूट. काय होते?’ पुन्हा नाही म्हटलं तर, ‘काऊन, घरी विचारून येतं का?’ सगळे हसतात. तोही हसतो आणि चिमूट घेतो. डोकं गरगरतं, घाम फुटतो. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे करतो, पाठीवर हात ठेवतो. त्या हातासाठीच तर त्याने ती चिमूट घेतलेली असते. शहरात येऊन त्याला महिना झालेला असतो आणि एवढ्या आपुलकीने त्याच्या पाठीवर हात ठेवणारं इथे दुसरं कुणी नसतं.

पण सवय त्या दिवशी लागत नाही. आठवडाभर तो दुसऱ्यांच्या पन्नीतून घेतो. मग त्याला आतून खटकू लागतं, कारण फुकटं खाणं हे आपल्या संस्कारात बसत नाही. एक दिवस तो स्वतःच्या पैशाने पन्नी घेतो आणि चौघांत फिरवतो. त्याच्या घरच्यांनी धास्ती घ्यायची ती या दिवसाची. देणं फेडण्याची, मैत्रीला जागण्याची त्याच्यातली चांगली वृत्तीच त्याला इथवर घेऊन आली आहे. वाईट संगत माणसाच्या दुर्गुणांना हात घालते, असं समजणारे आई-वडील म्हणूनच चुकतात. बहुतेक वेळा ती त्याच्या सद्गुणांनाच हात घालते.

या समजुतीतून पहिला व्यवहारी सल्ला निघतो. नाही म्हणायचं असेल तर पहिल्या आठवड्यात म्हणा आणि चहाचे पैसे तुम्ही द्या. ‘खर्रा नाही खात भाऊ, चहा माझ्याकडून’ एवढं वाक्य पुरतं. त्यात कुणाचा अपमान होत नाही, मैत्री नाकारली जात नाही आणि तुमच्यावर उपकारही राहत नाही. कारण द्यायचं तर शरीराचं द्या, तत्त्वाचं नको. ‘तोंडात छाले येतात’ म्हटलं की कुणी पुढे वाद घालत नाही. ‘हे वाईट आहे’ म्हटलं की समोरचे चार जण दुखावतात आणि तुम्हाला ओढायला जास्त जोर लावतात.

दुसरा सल्ला असा की एकटे राहू नका. सोलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. काही रेघा दाखवायच्या आणि दिलेल्या रेघेएवढी कोणती ते सांगायचं. लहान मूलही सांगेल इतकं सोपं. पण खोलीतल्या इतरांना मुद्दाम चूक उत्तर द्यायला शिकवलेलं होतं. डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही माणसं साधारण तीन वेळांतून एकदा घोळक्याचं चूक उत्तर देत होती. मला या प्रयोगातला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. खोलीत फक्त एका माणसाने बरोबर उत्तर द्यायला सुरुवात केली, की घोळक्यापुढे मान तुकवण्याचं हे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्शावर आलं. घोळका तेवढाच होता, दाबही तेवढाच. फरक फक्त एका सोबत्याचा.

म्हणजे वाईट मित्र दहा असले तरी त्यांना हरवायला चांगले अकरा लागत नाहीत. एक पुरतो, पण तो त्याच जागी, त्याच वेळी हजर पाहिजे. गावाकडचा जिवलग मित्र इथे उपयोगाचा नाही. तो फोनवर आहे आणि पन्नी समोर आहे. नव्या कामाला लागल्यावर पहिल्या पंधरवड्यात असा एक माणूस शोधा. यार्डात असे लोक असतातच. काटा कसा वाचायचा, पट्टीत हमाली-तोलाई किती कापली ते कसं तपासायचं, उचल घेताना सही कशावर करायची, हे न मागता शिकवणारा एखादा वयस्क हमाल असतो. वजनात खोटेपणा न करणारा मापारी असतो. संध्याकाळी कुणाच्या नादी न लागता सरळ पोराच्या शाळेची फी भरायला जाणारा माणूस असतो. ओळखायची खूण एकच ठेवा: त्याच्यासोबत बसून उठल्यावर तुम्हाला काही नवं येतं का, की फक्त काही खर्च झालेलं असतं.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत मात्र आणखी जपायला हवं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुणांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला होता, कधी एकट्याने, कधी सोबतीला मित्र बसवून. मित्र बसले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करत. मोठ्या माणसांवर त्याचा तितका परिणाम होत नसे. एकटा असताना शहाण्यासारखा वागणारा आपला मुलगा तिघांसोबत दुसराच होतो, यात त्याचं ढोंग नसतं. त्या वयाचा तो धर्मच आहे. त्यामुळे त्याला ‘तुला अक्कल नाही का?’ विचारून उपयोग नाही. अक्कल आहे, पण तिघांत ती चालत नाही. तेव्हा अकलेवर भाषण देण्याऐवजी तिघं एकत्र येतात ती वेळ आणि जागा बदला.

वेळ आणि जागा बदलल्याने काय होतं, हे याच शहरातल्या एका माणसाने साऱ्या देशाला दाखवलं. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ साली पावसात झोपडपट्टीतली मुलं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला. त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभं राहिलं, पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने ते देशभर गेलं आणि २०१६ साली त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) याच कामावर बेतलेला. या मैदानावर आलेल्यांपैकी अखिलेश पॉल याने आपली गोष्ट जाहीरपणे सांगितली आहे. जुगार, नशा, गुन्हे या वाटेवर गेलेला हा नागपूरचा मुलगा २०१० साली रिओ द जानेरोला बेघरांच्या विश्वचषकात भारतीय संघाचा कर्णधार होता.

या कथेकडे लोक चमत्कार म्हणून पाहतात आणि तिथेच थांबतात. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. बारसे सरांनी आधी मुलांना वस्तीतून, जुन्या मित्रांतून उचलून नेलं नाही. प्रवचनही दिलं नाही. ज्या तासात मुलं मोकळी होती तो तास त्यांनी भरला, आणि ज्या टोळीत ती होती त्या टोळीलाच खेळ दिला. मैदानावर तीच मुलं, तेच सवंगडी, तीच शिवीगाळ. पण नशेत पाय चालत नाहीत, आणि पाय चालले नाहीत तर आपलाच संघ हरतो. मग सोबत्याला शुद्धीत ठेवणं ही सोबत्यांचीच गरज होते. बापाने सांगून जे होत नाही ते इथे गोलकीपर करवून घेतो.

म्हणून कळमना, पारडी, भरतवाडा या भागात राहणाऱ्या आई-वडिलांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. मुलाचे मित्र तोडायच्या मागे लागू नका. संध्याकाळी सहा ते रात्री नऊ त्याला काय आहे ते आधी बघा. आखाडा, मैदान, ढोल-ताशा पथक, भजन मंडळ, अभ्यासिका, काहीही चालेल. अट एवढीच की तिथे रोज ठरल्या वेळी जावं लागतं आणि नाही गेलं तर कुणीतरी विचारतं. हे ‘विचारणं’ नसेल तर महागडी शिकवणीही फुकट जाते.

चांगल्या शाळेत घातलं म्हणजे चांगली संगत मिळाली, असं मानणाऱ्यांसाठी एक अनुभव सांगण्यासारखा आहे. अमेरिकेच्या हवाईदलाच्या अकादमीत संशोधकांनी अभ्यासात कच्चे विद्यार्थी मुद्दाम हुशारांच्या तुकडीत घातले. हुशारांच्या सहवासाने कच्चे वर येतील असा हिशेब होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निकाल उलटा निघाला: कच्चे विद्यार्थी आणखी मागे पडले. तुकडी एक असली तरी आत दोन घोळके झाले होते आणि कच्च्यांनी कच्च्यांनाच शोधून काढलं होतं. आपलं मूल कुणाच्या शेजारी बसतं हे तुम्ही ठरवू शकता, डबा कुणासोबत खातं ते तेच ठरवतं. म्हणून शाळेचं नाव सांगू नका, मुलाला विचारा: डबा कुणासोबत खातोस? घरी येताना सोबत कोण असतं? आणि उत्तरात नाव आलं की त्या नावाला रविवारी घरी बोलवा. तर्री-पोहे करा, जेवू घाला. तासाभरात तुम्हाला जे कळेल ते वर्षभर फोन तपासून कळणार नाही. शिवाय ज्या घरी आपण जेवलो त्या घरच्या पोराला बिघडवताना बहुतेकांचा हात जरा अडखळतो. आपल्या लोकांत मिठाची ही जाण अजून शिल्लक आहे. त्या मित्राविषयी मुलासमोर वाईट मात्र बोलू नका. मित्राला शिवी दिली की मुलगा त्याच्या बाजूने उभा राहतो, कारण मैत्रीला जागायचं आपणच त्याला शिकवलेलं असतं.

आता पैशाकडे येऊ, कारण कष्टकऱ्याच्या घरात संगतीचा पहिला फटका तिथे बसतो. हातात रोख पडल्यावरचा पहिला अर्धा तास जोखमीचा. पेमेंट झाल्यावर तुम्ही फाटकाबाहेर कुणासोबत पडता, यावर त्या दिवसाची कमाई कुठे जाणार हे बरंचसं ठरतं. दारूच्या दुकानाकडे जाणाऱ्या चौघांसोबत निघून, मग चौकात त्यांना सोडून एकट्याने घराकडे वळणारा माणूस दुर्मीळ. तेव्हा निर्धार चौकात करायचा नाही, फाटकाच्या आत करायचा. शक्य असेल तर पैसे थेट खात्यात घ्या. रोख असेल तर घराच्या दिशेच्या माणसासोबत निघा, मग तो गप्पांना कितीही रुक्ष असो. बसायला दुसरी जागा असणं हेही मोठं काम करतं. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ ही स्वस्त आणि पोटभर जेवणाची केंद्रं चालवली. कामगारांना चार घटका टेकायला अशी जागा कुठल्याही बाजाराजवळ असावी, आणि ती काढणाऱ्या माणसाचं मोल मी मंदिर बांधणाऱ्याहून कमी मानणार नाही.

संगतीच्या बळावर पैसा टिकवायचं तंत्र बायकांनी पुरुषांच्या कितीतरी आधी ओळखलं. बचत गटात दर महिन्याला ठरलेली रक्कम भरावी लागते आणि ती आठ-दहा जणींच्या समोर भरावी लागते. एकटीने डब्यात टाकलेले पैसे सणाला फुटतात. गटात टाकलेले टिकतात, कारण न भरल्याचं कारण सगळ्यांना सांगावं लागतं. घरात तरुण मुलगी किंवा सून असेल तर तिला गटात जरूर घाला. पैसा वाढेल तो वाढेल, पण हिशेब विचारणाऱ्या आणि हिशेब देणाऱ्या बायकांत बसायची सवय तिला आयुष्यभर उपयोगी पडेल.

या शहराला सामूहिक संकल्पाचा वारसाही मोठा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत चोरी न करण्याची, खोटं न बोलण्याची, दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव सामुदायिक प्रार्थना पोचवली. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण एक गोष्ट दोघांनी पक्की ओळखली होती. एकट्याने केलेला निश्चय एकट्यालाच मोडता येतो. चारचौघांत, आपल्या माणसांत केलेला निश्चय मोडायला चार घरांपुढे मान खाली घालावी लागते. तुम्हाला काही सोडायचं असेल तर नववर्षाच्या रात्री मनातल्या मनात ठरवू नका. ज्यांच्यापुढे खोटं बोलणं जड जाईल अशा दोन माणसांना सांगा.

फोनवरची संगत हीही संगतच आहे, हे विसरून चालणार नाही. रात्री दीडला क्रिकेटच्या सट्ट्याचा भाव टाकणारा व्हॉट्सॲप ग्रुप पानठेल्यापेक्षा जास्त जवळ असतो, कारण तो उशाशी असतो. तिथून बाहेर पडायला कुणाची माफी मागावी लागत नाही. आजच पडा.

आणि जे आधीच अडकले आहेत त्यांचं काय? त्यांनी आशा सोडू नये, हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७०च्या दशकात केला. तिथे असताना हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडले ते शेकडा पाचच्या आसपास. ज्या सोबत्यांत, ज्या जागी नशा केली जात होती ते सगळंच मागे राहिलं होतं. आपल्याला देश बदलता येत नाही, पण रस्ता बदलता येतो. पानठेला ज्या कोपऱ्यावर आहे तो कोपरा सहा महिने टाळा. चहा दुसऱ्या टपरीवर घ्या. जेवणानंतरच्या तल्लफेची वेळ ठाऊक असेल तर त्याच वेळी तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवा आणि घरी फोन लावा. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील तर वाट न पाहता शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. खर्रा खाणाऱ्यांत तोंड आखडणं हे कर्करोगाच्या आधीचं लक्षण असू शकतं. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

शेवटी, तुमचा एखादा सोबती सोडू पाहत असेल तर तुमच्याकडून काय व्हावं, तेही सांगतो. त्याच्यासमोर पन्नी उघडू नका, एवढं तर कराच. त्याला ‘किती दिवस टिकते पाहू’ असं म्हणू नका. तो चुकला आणि एखादी चिमूट घेतली तर हसू नका. पहिला दिवस पुन्हा मोजायला लावा आणि त्या दिवशी त्याच्यासोबत तुम्हीही घेऊ नका. गाडी लागायची वेळ झाली की त्याला बोलावून न्या, कामात घाला. आणि पेमेंट झालं की सरळ त्याच्याच बाजूने चालायला लागा. त्याचं घर उलट्या दिशेला असलं तरी.